केशरी कार्डावरचा शिक्का

महाराष्ट्रात रेशनकार्डाला रंग असतो. १ मे १९९९ पासून राज्यात पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन रंगांची कार्डं आहेत. पंधरा हजारांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि लाखाच्या वर पांढरं, अशी ती विभागणी. पण घरात धान्य येतं की नाही, हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. निदान केशरी कार्डाच्या बाबतीत तरी नाही. त्यासाठी कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का आहे का ते पाहावं लागतं. शिक्का असेल तर माणशी पाच किलो धान्य. नसेल तर शेजाऱ्यासारखंच, त्याच कार्यालयातून निघालेलं ते कार्ड दाखला काढायला आणि पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतं, एवढंच.

एरवी या फरकाचं कुणाला फार सोयरसुतक नसतं. रिक्षा चालते आहे, बांधकामावर हजेरी लागते आहे, चार घरची धुणीभांडी आहेत, तोवर माणूस वाण्याकडून तांदूळ आणतो आणि कार्ड पेटीत पडून राहतं. २५ मार्च २०२० पासून कोरोनाची टाळेबंदी लागली आणि हे सगळं एकदम थांबलं. रेशनच्या दुकानासमोर चुन्याने आखलेल्या गोलांत माणसं उभी राहिली. त्यांतल्या अनेकांना आपल्या कार्डावर शिक्का नाही याचा अर्थ तिथे कळला.

धान्याची टंचाई होती म्हणून हे झालं, असं मात्र नाही. १ एप्रिल २०२० रोजी सरकारी गोदामांत साडेपाच कोटी टनांहून जास्त गहू-तांदूळ पडून होता. त्या तारखेला नियमाप्रमाणे लागतो २ कोटी १० लाख टन. म्हणजे गरजेच्या अडीचपटीहून अधिक साठा हाताशी होता आणि वर रब्बीचा नवा गहू काढणीला आला होता. ठेवायला जागा नाही म्हणून पोती ताडपत्रीखाली ठेवावी लागतात, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. तेच हे धान्य.

सरकार हललं नाही असंही नाही. टाळेबंदीच्या दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, केंद्राने प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजना जाहीर केली. अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीतल्या ८० कोटी लोकांना नेहमीच्या धान्याखेरीज माणशी पाच किलो धान्य फुकट आणि कुटुंबामागे एक किलो डाळ, असं आधी तीन महिन्यांसाठी. पुढे मुदत नोव्हेंबरपर्यंत वाढली, दुसऱ्या लाटेत मे २०२१ पासून योजना पुन्हा सुरू झाली आणि वाढत वाढत डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. देशभरात पाच लाखांवर रेशन दुकानं, त्यांतली पन्नास हजारांहून जास्त महाराष्ट्रात. रेल्वे बंद, बस बंद, कारखाने बंद असताना मालगाड्या आणि ट्रक धावले, हमालांनी पोती उचलली, दुकानदारांनी तोंडाला रुमाल बांधून मापं घातली. तेव्हा क्विंटलमागे दीडशे रुपये कमिशनवर चालणारा हा दुकानदार बऱ्याचदा शिव्याच खातो, आणि अनेकदा त्या रास्तही असतात. पण त्या वर्षी रोज शेकडो अंगठे ज्या यंत्रावर टेकत होते, त्याच्यामागे तोच बसला होता. त्याने विमा संरक्षण मागितलं, त्यासाठी संपाची भाषाही केली. ती मागणी अवाजवी नव्हती.

तर धान्य होतं, वाहतूक होती, दुकान होतं. अडलं ते यादीपाशी.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना त्याखाली स्वस्त धान्याचा हक्क आहे: २०२२ अखेरपर्यंत तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरडधान्य एक रुपया किलो. सर्वांत गरीब म्हणजे अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, बाकीच्यांना, म्हणजे प्राधान्य कुटुंबांना, माणशी पाच किलो. देशाची ही टक्केवारी राज्याराज्यांत वाटून दिली, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ आणि शहरी ४५.३४ टक्क्यांच्या आसपासचे आकडे आले. डोकी मोजली तर सुमारे ७ कोटी. हा आकडा २०११ च्या जनगणनेवरून काढलेला आहे आणि राज्यात कायदा लागू झाला त्या २०१४ च्या फेब्रुवारीपासून तो तिथेच आहे. राज्याची लोकसंख्या २०११ ला सव्वाअकरा कोटी होती, महासाथ आली तेव्हा ती बारा कोटींच्या पुढे गेली होती. दरम्यान मुलं जन्मली, सुना आल्या, भाऊ वेगळे झाले, गावं सोडून माणसं शहरांच्या कडेला राहायला आली. यादी मात्र ७ कोटींवर बांधलेली.

तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत या मर्यादेला 'इष्टांक' म्हणतात. प्रत्येक जिल्ह्याला इष्टांक, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून दुकानाला. नव्या सुनेचं नाव घालायला किंवा कार्डावर शिक्का मागायला गेलेल्या माणसाला मिळणारं सगळ्यात सामान्य उत्तर म्हणजे 'इष्टांक पूर्ण आहे'. कुणी तरी मरेल, कुणी तरी गाव सोडेल, कुणाचं नाव कमी होईल, तेव्हा जागा होईल. तुम्ही गरीब आहात की नाही हा प्रश्नच इथे येत नाही, जागा आहे की नाही एवढाच येतो. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि मेघना मुंगीकर यांनी एप्रिल २०२० मध्ये हिशेब मांडला होता की, जुनी जनगणना धरल्यामुळे देशभरात १० कोटींहून अधिक लोक या हक्काबाहेर राहिले आहेत. म्हणजे जवळजवळ एका महाराष्ट्राएवढे लोक.

उत्पन्नाच्या मर्यादेची कथा आणखी न्यारी. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबात यायचं तर वार्षिक उत्पन्न शहरात ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजारांच्या आत हवं, आणि हे सगळ्या कुटुंबाचं मिळून. शहराचा आकडा बाराने भागला तर महिन्याला पाच हजारांहून कमी पडतात. मुंबईत, पुण्यात, ठाण्यात पाच हजारांत चालणारं चार-पाच माणसांचं घर कोणतं? खेड्याचा हिशेब तर सरकारच्याच दराने करून पाहावा. २०२०-२१ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. घरातल्या एका माणसाने वर्षात १८५ दिवस तेवढ्या मजुरीने काम केलं, की ४४ हजारांची रेघ ओलांडली. घरात कमावणारी दोन माणसं असतील तर तीन महिने पुरतात. कायदा काटेकोर पाळला असता तर निम्मी यादी रिकामी झाली असती असं मला वाटतं. तो पाळला जात नाही म्हणून यादी चालते, आणि पाळला जात नाही म्हणूनच तीत कोण घुसलं आणि कोण राहिलं याला फारसा तर्क उरत नाही.

या शिक्का नसलेल्या केशरीवाल्यांची संख्या राज्यात तीन कोटींच्या आसपास होती. केंद्राचं फुकट धान्य त्यांच्यासाठी नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने त्यांच्यासाठी निर्णय घेतला: मे आणि जूनला माणशी तीन किलो गहू आठ रुपये दराने, दोन किलो तांदूळ बारा रुपये दराने. माणशी ४८ रुपये होतात. बाजारापेक्षा हे खूपच स्वस्त, आणि एवढ्या घाईत तीन कोटी लोकांचं धान्य उभं करणं हे पुरवठा खात्याचं खरं काम होतं. पण टाळेबंदीचे पहिले चार-पाच आठवडे सगळ्यात वाईट होते, आणि तेवढ्या काळात हे कुटुंब ना गरिबांत धरलं गेलं ना श्रीमंतांत. शेजारच्या घरी पोतं उतरतंय आणि आपल्या घरी नाही, याची चिडचिड दुकानदारावर निघाली. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना मात्र २०१५ पासून राज्याने वेगळी सवलत दिलेली होती. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर सुरू झालेली ती योजना त्यांना त्या काळात उपयोगी पडली.

दक्षिणेत चित्र थोडं वेगळं होतं. तमिळनाडूने १९९७ नंतरही रेशन सगळ्यांसाठी ठेवलं आहे. बाकी देशाने त्या वर्षी गरीब आणि बिगरगरीब अशी वाटणी स्वीकारली. एप्रिल २०२० मध्ये तमिळनाडूने कार्डधारकांना हजार रुपये रोख आणि तांदूळ, डाळ, तेल, साखर फुकट दिली. केरळने तर ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांनाही आधार क्रमांक आणि प्रतिज्ञापत्रावर धान्य दिलं. आपल्याकडचं रेशनही मुळात सगळ्यांसाठीच होतं. मुंबईत १९४३ च्या मे महिन्यात धान्याचं रेशनिंग सुरू झालं ते मलबार हिलपासून परळपर्यंत सगळ्यांना लागू होतं. युद्धकाळातलं ते रेशन कुणाला आवडत नव्हतं, पण त्यात गरिबी सिद्ध करायची भानगड नव्हती. ती आपण नंतर, बचतीच्या नावाखाली, घालून घेतली.

ज्यांच्या कार्डावर शिक्का होता पण कार्ड गावाकडे होतं, त्यांची गोष्ट वेगळी. 'स्ट्रँडेड वर्कर्स अॅक्शन नेटवर्क' या स्वयंसेवकांच्या गटाला टाळेबंदीच्या पहिल्या तीन आठवड्यांत ११ हजारांहून जास्त अडकलेल्या मजुरांचे मदतीसाठी फोन आले. त्यातल्या ९६ टक्क्यांना सरकारी धान्य मिळालेलं नव्हतं. फोन करणारे आधीच अडचणीतले, त्यामुळे हा आकडा सगळ्या मजुरांना लावता येणार नाही. तरी तो पुरेसा बोलका आहे. यांतले बरेच जण मुंबई, ठाणे, पुणे भागातले होते. कार्ड बिहारात, झारखंडात, उत्तर प्रदेशात. ते तिथे आईवडिलांच्या उपयोगाचं, इथे नाही.

आपल्या घरचंच उदाहरण घ्यायचं तर ऊसतोड मजुरांचं. बीड, नगर, जालना, परभणीकडची कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. टाळेबंदी लागली तेव्हा सव्वा लाखाहून जास्त मजूर कारखान्यांच्या आवारात, पालांत अडकले होते. परत जायची परवानगी मिळाली १७ एप्रिलला. तोवर त्यांनी खायचं काय, हे कारखाना, मुकादम आणि गावातले लोक यांच्या मर्जीवर होतं. राज्यातल्या राज्यात दुसऱ्या दुकानातून धान्य उचलायची सोय तेव्हा कागदावर होती. पण उसाच्या फडात राहणाऱ्या बाईला ती कुणी सांगितली होती का, आणि त्या परक्या गावच्या दुकानात तिच्या नावाचं जादा धान्य आलेलं होतं का, हे वेगळे प्रश्न. दुकानाला धान्य मिळतं ते त्याच्या स्वतःच्या कार्डांच्या संख्येवर. ऐनवेळी पाहुणे वाढले तर पोती वाढत नाहीत.

'एक देश, एक रेशनकार्ड' ही योजना याच अडचणीवर काढलेली. ऑगस्ट २०१९ मध्ये ती महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा दोन जोड्यांपासून सुरू झाली, शेवटचं राज्य आसाम २०२२ च्या जूनमध्ये जोडलं गेलं. महासाथ आली तेव्हा ती अर्ध्या वाटेवर होती. तिचं काम चालतं ते दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर, ज्याला सगळे 'पॉस मशीन' म्हणतात. कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक टाकायचा, अंगठा लावायचा, यंत्र दूरच्या सर्व्हरला विचारतं, कुटुंबातल्या कोणी किती उचललं ते दाखवतं, आणि उरलेला हिस्सा मिळतो. नवरा नाशकात दोघांचं उचलतो, सासू-सासरे गावी त्यांचं. कल्पना उत्तम आहे. अट एकच, यादीत नाव असलं पाहिजे. जो कुठल्याच राज्याच्या यादीत नाही, त्याला सगळ्या देशात मिळून शून्य किलो मिळतं.

अंगठ्याचीही एक गंमत झाली. ज्या यंत्रावर गावातला प्रत्येक माणूस बोट टेकवतो ते साथीत धोक्याचं, म्हणून महाराष्ट्राने काही काळ ग्राहकाऐवजी दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य द्यायची मुभा दिली. दुसऱ्या लाटेतही दिली. झिजलेल्या बोटांमुळे एरवी परत पाठवल्या जाणाऱ्या म्हाताऱ्यांची त्यात सोय झाली. दुकानदाराला न आलेल्या माणसाचं धान्य उचललं असं दाखवायची सोयही त्यातच झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. यंत्र आल्यानंतर गळती थांबली असं म्हणणारे आणि यंत्रामुळे भूक वाढली असं म्हणणारे, दोघेही यातला सोयीचा भाग तेवढा सांगतात.

यादीत नसलेल्यांसाठी केंद्राने १४ मे २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या सातव्या-आठव्या आठवड्यात, आणखी एक घोषणा केली. कुठलंही कार्ड नसलेल्या ८ कोटी स्थलांतरितांना दोन महिने माणशी पाच किलो धान्य आणि कुटुंबाला एक किलो हरभरा. त्यासाठी ८ लाख टन धान्य. तोवर मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसांचे लोंढे निघून गेले होते. हे धान्य शेवटी तीन कोटींहूनही कमी लोकांपर्यंत पोचलं. केंद्रीय मंत्रालयाचं म्हणणं असं पडलं की, मुळात गरजू तेवढेच होते. मला ते पटत नाही. यादी नसलेल्यांची यादी करा, असं जिल्ह्यांना सांगितलं की कामाला महिना लागतो, आणि ज्यांची यादी करायची ती माणसं तोवर झाशी ओलांडून पुढे गेलेली असतात. दिल्लीने कार्ड नसलेल्यांसाठी ऑनलाइन कूपन काढलं. त्याला स्मार्टफोन, आधारचा फोटो आणि मोबाईलवर येणारा ओटीपी लागत होता. भुकेल्या माणसाला रिचार्ज संपलेला फोन घेऊन ओटीपीची वाट पाहायला लावणं ही कल्पना ज्या कुणाला सुचली, त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटलेली असणार.

आता यादीतल्या नशीबवान माणसाकडे वळू. त्याला काय मिळालं? नेहमीचे पाच आणि फुकटचे पाच असे दहा किलो धान्य. दिवसाला सुमारे ३३३ ग्रॅम. त्यातून साधारण साडेअकराशे उष्मांक मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला रोज २७१० आणि बाईला २१३० उष्मांक लागतात. म्हणजे पुरुषाची निम्मी गरजही भागत नाही, बाईची जेमतेम अर्धी भागते. तरी हे लहान काम नव्हे. हातात एक रुपया नसताना या पोत्याने उपासमार टाळली, हे निर्विवाद आहे.

पण पोट भरणं आणि पोषण यांत अंतर आहे, आणि ते डाळीत मोजता येतं. पाच माणसांच्या घराला महिन्याला एक किलो डाळ म्हणजे माणशी दिवसाला सहा-सात ग्रॅम. आहारतज्ज्ञ सांगतात ८५ ग्रॅमच्या आसपास. तांदूळ-गव्हात प्रथिनं असतातच, पण त्यात लायसीन हा घटक कमी पडतो, आणि लायसीन डाळीत भरपूर असतो. वरण-भात, आमटी-भाकरी, खिचडी, उसळ-पोळी ही आपली जोडपी उगाच जमलेली नाहीत. त्यातला अर्धा भाग काढून घेतला की उरलेल्या अर्ध्याचंही मोल घटतं. त्यात पहिल्या तीन महिन्यांची ही किलोभर डाळसुद्धा वेळेवर आली नाही. सरकारी साठ्यात होती ती बरीचशी न भरडलेली तूर आणि हरभरा. ती गिरणीत नेऊन, भरडून, पुन्हा राज्याराज्यांत पाठवायची होती, आणि गिरण्यांतले कामगार घरी गेले होते. जुलैपासून शहाणपण सुचलं आणि डाळीऐवजी अख्खा हरभरा द्यायला सुरुवात झाली. २०२१ च्या फेरीत डाळ आणि हरभरा दोन्ही गायब झाले. योजनेच्या पहिल्या तिमाहीत महाराष्ट्राला मिळालेलं फुकट धान्य म्हणजे नुसता तांदूळ होता. सोलापूरच्या किंवा बीडच्या ज्वारी खाणाऱ्या घरात तो खाल्ला गेला, काही घरांत विकलाही गेला. मीठ-मिरची, तेल आणि दळणाचे पैसे त्यातून आले. विकला म्हणून त्या घराला गरज नव्हती असं मानणाऱ्यांनी नुसता भात महिनाभर खाऊन पाहावा.

याहून खोल परिणाम झाला तो मुलांच्या ताटावर. मार्चच्या मध्यावर शाळा आणि अंगणवाड्या बंद झाल्या. तेव्हाच्या निकषांप्रमाणे शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, सहावी ते आठवीला ७०० आणि २०. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, दिवसाला आठ रुपयांत. शाळा बंद झाल्या त्या आठवड्यातच, १८ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राज्यांना विचारलं की मुलांच्या जेवणाचं काय करणार. उत्तर सगळीकडे एकच होतं: कोरडा शिधा घरी देऊ. महाराष्ट्रात शाळेतून तांदूळ आणि कडधान्य पालकांना वाटलं गेलं. अंगणवाडी सेविकांनी गहू, मसूर डाळ, चवळी, हळद, मिरची, मीठ, साखर अशी पाकिटं घरोघर नेऊन दिली. या बायकांचं मानधन किती आणि त्या काळात त्यांच्या अंगावर किती कामं होती, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सर्वेक्षण त्यांनीच केलं, शिधाही त्यांनीच वाटला.

शिजवलेलं जेवण आणि कोरडा शिधा यांत हिशेबाच्या वहीत फरक दिसत नाही. घरात दिसतो. अंगणवाडीत बसून खाल्लेली खिचडी त्या मुलाच्याच पोटात जाते. घरी आलेली पावशेर चवळी कुटुंबाच्या पातेल्यात जाते आणि मग पातेल्याचे नियम लागू होतात: आधी कमावता पुरुष, मग म्हातारी माणसं, मग मुलं, आणि शेवटी तळाशी राहिलेलं घरची बाई. गरोदर असली तरी. मेळघाट, नंदुरबार, पालघरसारख्या आदिवासी भागांत २०१५ पासून एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार अंगणवाडीतच, बसवून, वाढला जात होता, तो नेमका याच कारणासाठी. मुलांना आठवड्यातून चारदा अंडं किंवा केळं होतं. अंडं घरी पाठवलं की त्याचे पाच भाग होतात. शिवाय अंगणवाडीचं दार बंद म्हणजे वजनकाटाही बंद. मूल खंगतंय हे ज्या तक्त्यावर वेळीच दिसतं, तो तक्ताच कित्येक महिने कोरा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने प्रतिबंधित क्षेत्रं वगळून अंगणवाड्या उघडा असा आदेश दिला तो जानेवारी २०२१ मध्ये.

महासाथीने मुलांचं किती नुकसान केलं हे आकड्यांत सांगणंही त्यामुळे अवघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश निघाली. महासाथीच्या चर्चेत हे आकडे सर्रास वापरले जातात. पण राज्यातली ती पाहणी २०१९ मध्येच झाली होती. म्हणजे साथीचा परिणाम त्यात नाहीच. साथ येण्याआधी आपण कुठे उभे होतो, ते त्यात आहे. अन्न अधिकार अभियानाने सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये ११ राज्यांत सुमारे चार हजार लोकांना विचारलं, तेव्हा दोनतृतीयांश लोक म्हणाले की टाळेबंदीआधीपेक्षा आता कमी खातो. ही माणसं मुद्दाम वंचित वस्त्यांतून निवडलेली होती, म्हणून हे देशाचं सरासरी चित्र नाही. पण त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तेव्हा टाळेबंदी उठून तीन-चार महिने झाले होते आणि फुकट धान्य चालू होतं.

आदिवासी भागात पावसाळ्यातल्या उपासमारीवर खावटीची जुनी योजना होती. १९७८ ला सुरू झालेली, २०१३ नंतर बंद पडलेली. ऑगस्ट २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा आणली: साडेअकरा लाख आदिवासी कुटुंबांना चार हजार रुपयांची मदत, दोन हजार खात्यात आणि दोन हजारांच्या वस्तू. मटकी, चवळी, हरभरा, तूर डाळ, शेंगदाणा तेल, मसाला, चहा पावडर. यादी वाचली की वाटतं, ही करणाऱ्याला घरातलं स्वयंपाकघर ठाऊक होतं. रेशनच्या पोत्यात नसलेलं सगळं यात होतं. पण निविदा, लाभार्थ्यांची पडताळणी आणि बँक खाती यांत वर्ष गेलं. २०२० च्या पावसाळ्यासाठीची खावटी बहुतेक पाड्यांवर २०२१ च्या पावसाळ्यात पोचली.

या सगळ्यात एकच सरकारी योजना होती जिने कुणाला कार्ड विचारलं नाही. शिवभोजन २६ जानेवारी २०२० ला, म्हणजे टाळेबंदीच्या दोन महिने आधी, योगायोगाने सुरू झालं होतं. दहा रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात, एक वाटी वरण. शहरात थाळीचा खर्च पन्नास रुपये धरलेला, खेड्यात पस्तीस. वरचे पैसे सरकार देणार. टाळेबंदीत दर पाच रुपये झाला, केंद्रं तालुक्यांपर्यंत गेली, वेळ वाढली, डबा बांधून मिळू लागला. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत थाळी काही महिने पूर्ण मोफत होती. एका थाळीत माझ्या अंदाजाने पाचशे-साडेपाचशे उष्मांक, त्यामुळे दिवस तिच्यावर निघत नाही. केंद्राला थाळ्यांचा ठरलेला कोटा असतो, तो संपला की मागचे परत जातात. फोटोत तोच माणूस दोनदा दिसतो, थाळ्या फुगवून दाखवतात, अशा तक्रारी झाल्या आणि त्या सगळ्या खोट्या नसाव्यात. तरीही मला ही योजना रेशनपेक्षा एका बाबतीत शहाणी वाटते. ज्याच्याकडे दुसरी सोय आहे तो उन्हात रांगेत उभा राहून साधं वरण-भात खायला येत नाही. गरजू कोण हे ठरवायचं काम रांगच करते, तहसीलदाराला करावं लागत नाही. मुंबईत 'खाना चाहिए'सारख्या नागरिकांच्या गटांनी, गुरुद्वारांनी, मशिदींनी आणि गल्लीतल्या मंडळांनी लाखो पाकिटं वाटली, तीही याच तत्त्वावर. धारावीत खिचडीचं पातेलं उतरलं तेव्हा कुणी आधारकार्ड मागितलं नाही.

साथ ओसरल्यावर काय झालं? १ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेचं धान्य पूर्ण मोफत झालं, आणि पुढे १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी तसंच ठेवायचं ठरलं. बातम्यांत 'मोफत' हा शब्द मोठा होता. हिशेब असा: साथीत माणशी दहा किलो मिळत होतं, पाच स्वस्त आणि पाच फुकट. आता पाचच मिळतं, फुकट. माणशी दहा-पंधरा रुपये वाचले आणि बाजारभावाने दीडशेच्या आसपास किमतीचं धान्य गेलं. जानेवारी २०२३ पासूनच मराठवाडा-विदर्भातल्या त्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी दीडशे रुपये खात्यात द्यायला सुरुवात झाली. पैसे बायकांच्या खात्यात जातात हे चांगलं. पण भाव वाढला तर पाच किलो पाचच राहतात, दीडशे रुपये तसे राहत नाहीत.

यादीचं भांडण न्यायालयात चालू राहिलं. स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लाभार्थ्यांचा आकडा केंद्राने नव्याने ठरवावा असं सांगितलं. कायद्याचं नववं कलम आकड्यासाठी प्रसिद्ध झालेल्या जनगणनेकडे बोट दाखवतं, आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची आता २०२७ ची आहे. दरम्यान असंघटित कामगारांची ई-श्रम पोर्टलवर नोंदणी झाली. साडेअठ्ठावीस कोटींहून जास्त नावं आली, ती रेशनच्या यादीशी ताडून पाहिली, तेव्हा सुमारे ८ कोटी कामगारांकडे कार्ड नसल्याचं निघालं. मे २०२० मध्ये अंदाजाने धरलेला आकडाही आठच कोटी होता, हा योगायोग असला तरी मजेशीर आहे. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना कार्डं द्यायला तीन महिने दिले. ते उलटून गेल्यावर १९ मार्च २०२४ ला पुन्हा दोन महिने दिले आणि या वेळी स्पष्ट म्हटलं की, कायद्यातल्या टक्केवारीच्या मर्यादेत अडकून न राहता कार्डं द्या. म्हणजे इष्टांक बाजूला ठेवा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्येही न्यायालय राज्यांना तेच विचारत होतं.